ओल पंपघरात, पाणी अळवात: घरच्या स्विमिंग पूलच्या गळक्या फिल्टरचं एक प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. "अहो, आमच्या पूलचा फिल्टर गळतोय. नवा केवढ्याला पडेल?" घर मालगुंडच्या पुढे, जयगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. फोन करणारा मुलगा पुण्यात नोकरीला, गावी त्याचे आई-वडील, म्हणजे माझे काका-काकू, आणि एक गडी. नातवंडांसाठी म्हणून पूल बांधला. आता दोन खोल्या पाहुण्यांनाही देतात, त्यामुळे आंब्याच्या हंगामात पूल बंद ठेवणं परवडत नाही. कुणा विक्रेत्याने फोटो बघूनच सांगितलं होतं की टाकीची मान गेली, फिल्टर नवाच घ्या. मी म्हटलं, आधी बघतो, मग बोलू.

मी मूळचा विहिरींच्या पंपांचा माणूस. किनाऱ्यावर घरोघरी राहण्याची सोय सुरू झाली तसे पूल आले आणि त्यांचे फिल्टरही माझ्याकडे यायला लागले. या घरची गोष्ट सविस्तर लिहितो आहे, कारण इथे गळणारी जागा डोळ्यांसमोर होती आणि तरीही ती दुरुस्त करून काही भागणार नव्हतं. दोन महिने सगळे त्याच जागेकडे बघत राहिले होते.

मांडणी

घर उतारावर, जांभ्याच्या चिऱ्यांचं. वरच्या टप्प्यावर घर आणि पूल, खालच्या टप्प्यावर पंपघर, त्याच्याही खाली पोफळीची बाग. पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे पाणी साधारण ३८ हजार लिटर. एक अश्वशक्तीचा पंप दिवसाला आठ तास टायमरवर चालतो. फिल्टर वाळूचा. टाकी फायबरची, ५०० मिलिमीटर व्यासाची, आत ८५ किलो वाळू, आणि डोक्यावर सहा खुणांचा मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह, ज्याला आम्ही सिक्स-वे म्हणतो. हँडल खाली दाबून फिरवलं की पाणी वाट बदलतं. 'फिल्टर' खुणेवर ते वाळूतून गाळून पूलमध्ये परत जातं. 'बॅकवॉश'वर उलटं फिरून वाळूतली घाण घेऊन बाहेर पडतं.

पंपघर पूलच्या पाण्याच्या पातळीपेक्षा जवळजवळ दोन मीटर खाली आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे सगळं त्यावर फिरणार आहे.

पहिली भेट

पंपघराचं दार उघडलं आणि पाय पाण्यात पडला. टाकी आणि व्हॉल्व्ह जिथे जुळतात त्या मानेच्या पट्ट्याखालून थेंबांची धार लागलेली. वर एम-सीलचा लगदा, त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली, त्यावर पुन्हा लगदा. पट्ट्याचे बोल्ट इतके आवळलेले की पट्टा वाकला होता. लोखंडी बोल्ट खाऱ्या हवेने फुगून तांबडे झालेले. आणि ही धार थेट मोटारच्या पायाशी साठत होती, वर भिंतीवर झाकण नसलेला स्टार्टर.

मी काहीही बघण्याआधी घरात जाऊन एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, खाली पाडली. पूलच्या पाण्यात माणसं उतरतात. पंपघरात ओल आणि उघड्या वायरी एकत्र असतील, तर गळतीचं नंतर बघता येतं, आधी करंट. या घराच्या पंपाच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, नव्हती. ती बसवल्याशिवाय मी पंप पुन्हा चालू करणार नाही असं काकांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधी ते काम केलं. मोटार फळीवरून उचलून चिऱ्यांच्या ओट्यावर बसवली, स्टार्टरला झाकण घातलं.

काकू पायऱ्यांवर उभ्या होत्या. त्या पूलला हौदच म्हणतात.

"अरे, हौदात रोज सकाळी विहिरीचं पाणी सोडतो आम्ही. अर्धा तास. तरी दुसऱ्या दिवशी खाली ते खालीच. विहिरीचा तळ दिसायला लागलाय. तुझा फिल्टर राहू दे बाजूला, मला सांग पाणी जातं कुठे?"

सगळ्यांत नेमका प्रश्न त्यांनीच विचारला होता. मुलगा फिल्टरची किंमत विचारत होता, गडी पट्टा आवळत होता, विक्रेता टाकी विकत होता. पाणी जातं कुठे, किती जातं, हे कुणी मोजलं नव्हतं.

कोकणात या प्रश्नाचं मोल बाहेरच्यांना पटकन कळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मग पाण्याला काय तोटा, असं वाटतं. पण तो पाऊस जून ते सप्टेंबर, आणि जांभा म्हणजे सच्छिद्र दगड. पडलेलं पाणी पऱ्यांतून समुद्राला मिळतं, उरलेलं चिऱ्यात मुरून खाली सरकतं. एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाड्यांना टँकर लागतो. अशा दिवसांत पूल भरण्यासाठी विहीर उपसणाऱ्या घराला शेजारी नजरेनेच विचारतात. काकूंना तेच सलत होतं.

आधी हिशेब

पट्टा उघडण्याची घाई केली नाही. पंप चालू करून गळत्या मानेखाली एक लिटरची बाटली लावली आणि घड्याळ बघितलं. बाटली भरायला ९ मिनिटं लागली. म्हणजे तासाला पावणेसात लिटरच्या आसपास. पंप बंद केला की थेंब जवळजवळ थांबत, तेव्हा दिवसाच्या आठ तासांचे धरू ५३ लिटर.

आता पूलकडे. ८ गुणिले ४ म्हणजे ३२ चौरस मीटर पृष्ठभाग. पातळी एक मिलिमीटर खाली गेली तर ३२ लिटर पाणी गेलं. ५३ लिटर म्हणजे दोन मिलिमीटरसुद्धा नाहीत. आणि गडी सांगत होता की रोज "तीन बोटं" पाणी उतरतं. बोटांचं माप सोडून दिलं तरी दोन मिलिमीटर कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

दिसणाऱ्या गळतीचं पाणी आणि हरवणारं पाणी यांचा मेळ बसत नव्हता. पंपघरातली ओल खरी होती, धोक्याचीही होती, पण विहीर तिने आटवली नव्हती.

तीन दिवस, एक बादली

काकांना तीन दिवस मागितले. पाहुणे नव्हते. नातवंडं आली होती, त्यांना मात्र पाण्यात उतरू द्यायचं नव्हतं, आणि ते सांगणं काकूंवर सोडलं. विहिरीचं पाणी सोडायचं नाही, बॅकवॉश करायचा नाही.

पूलच्या दुसऱ्या पायरीवर प्लॅस्टिकची बादली ठेवली, हलू नये म्हणून आत चिऱ्याचा तुकडा. बादलीत पूलचंच पाणी, बाहेरच्या पातळीइतकं. आत एक खूण, बाहेर टाइलवर चिकटपट्टी लावून दुसरी खूण. ऊन, वारा, दमट हवा दोघांना सारखीच, त्यामुळे बादलीत जेवढं उतरेल ते बाष्प. पूलमध्ये त्याहून जास्त जे उतरेल ती गळती. वळवाची सर आली असती तरी दोघांत सारखीच पडली असती, फक्त कडेच्या फरशीचं पाणी पूलमध्ये वाहून येत नाही ना तेवढं बघायचं. ही बादलीची चाचणी इतकी साधी आहे की लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. माझा बसतो, कारण ती अंदाजाला जागा ठेवत नाही.

पहिल्या दिवशी सगळं नेहमीसारखं चालवलं, आठ तास पंप. चोवीस तासांनी बादली ६ मिलिमीटर उतरली, पूल ३१. गळती २५ मिलिमीटर, म्हणजे ८०० लिटर.

दुसऱ्या दिवशी पंप बंद, आणि पंपघरात येणाऱ्या व तिथून परत जाणाऱ्या दोन्ही पाइपांचे बॉल व्हॉल्व्ह बंद. म्हणजे पूल यंत्रांपासून पूर्ण तुटला. बादली ६, पूल ७. एका मिलिमीटरचा फरक पट्टी वाचताना होतोच. याचा अर्थ पूलची भिंत, तळ, टाइलचे सांधे शाबूत होते. काकांनी सुस्कारा सोडला, कारण कातळ फोडून बांधलेल्या पूलला भेग गेली असती तर खर्चाला अंत नव्हता. पाणी उपसून पूल रिकामा करा, असाही सल्ला त्यांना कुणीतरी दिला होता. तो ऐकला असता तर ३८ हजार लिटर फुकट गेलं असतं आणि सापडलं काहीच नसतं. भर पावसात, भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना कुणी पूल रिकामा केला, तर खालच्या पाण्याच्या दाबाने तो उचलला जाण्याचाही धोका असतो.

तिसऱ्या दिवशी पंप बंदच ठेवला, पण दोन्ही बॉल व्हॉल्व्ह उघडले, हँडल 'फिल्टर' खुणेवर. बादली ६, पूल १५. पंप चाललाच नाही, मानेखाली जेमतेम ओल, आणि तरी ९ मिलिमीटर गेलं. २८८ लिटर.

इथे पंपघर खालच्या टप्प्यावर असल्याची गोष्ट कामाला आली. पूलची पातळी वर, व्हॉल्व्ह खाली. आत कुठे फट असेल तर पंपाची वाट न बघता पाणी आपल्या वजनानेच उतरत राहणार. चोवीस तासांत २८८, म्हणजे तासाला १२ लिटर. पहिल्या दिवसाच्या ८०० लिटरमधून पंप बंद असलेल्या सोळा तासांचे १९२ वजा केले तर ६०८ उरतात, आणि ते आठ तासांत, म्हणजे पंप चालताना तासाला ७६ लिटर. त्यातले पावणेसात मानेखालून टपकत होते. उरलेले ६९ कुठे?

जमिनीतला परतीचा पाइप फुटला असेल का, अशी एक शक्यता होती. ती तपासायला फरशी खणावी लागली असती. त्याआधी पाण्याची आणखी एक वाट तपासायची होती, आणि तिचं तोंड कुणालाच आठवत नव्हतं.

अळू

सिक्स-वेला एक तिसरं तोंड असतं, बॅकवॉशचं घाण पाणी बाहेर टाकणारं. त्यावर एक पारदर्शक वाटी असते. 'फिल्टर' खुणेवर असताना त्या वाटीत पाणी हलताना दिसलं तर व्हॉल्व्ह आतून गळतो, हे एका नजरेत कळावं म्हणूनच ती दिलेली असते. इथली वाटी उन्हाने आणि क्षाराने दुधाळ पांढरी झाली होती. आत काय चाललंय ते दिसणं शक्य नव्हतं. तिथून दोन इंची पाइप जमिनीत गेला होता, पुढे कुठे ते गड्यालाही ठाऊक नव्हतं. पूल बांधणाऱ्यांनी पुरला होता.

"काकू, हे पाणी बाहेर कुठे पडतं?"

"बागेत कुठेतरी. मला काय माहीत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "यंदा अळू मात्र हटत नाहीये बघ. मे महिना आला तरी पानं सुपाएवढी."

पोफळीच्या कडेला, बांधाच्या खाली अळवाचं दाट बन होतं. आजूबाजूची माती भेगाळलेली, केळीची पानं कडेने करपलेली, आणि हा एवढाच तुकडा पावसाळ्यासारखा हिरवागार. पंप चालू करायला सांगितलं आणि पानं बाजूला केली. चिखलात पाइपाचं तोंड होतं, आणि त्यातून करंगळीएवढी धार आवाज न करता वाहत होती. खाली जांभा असल्याने साठत काहीच नव्हतं. पडलं की मुरलं.

न्हाणीघराचं पाणीही त्याच बाजूला सोडलं होतं, म्हणून खात्री करून घेतली. पूलच्या क्लोरीन तपासणीच्या डबीत धारेचं पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. विहिरीच्या पाण्यात या घरी क्लोरीन घालत नाहीत, म्हणजे हे पूलचंच. मग १० लिटरची बादली धारेखाली धरली. भरायला पावणेनऊ मिनिटं. तासाला साडेअडुसष्ट लिटर.

हवे होते ६९. मी तो आकडा काकूंना दाखवला तेव्हा मला खरोखर आनंद झाला. काही उघडलं नव्हतं, काही तोडलं नव्हतं, आणि आठशे लिटरांतला प्रत्येक थेंब कुठे जातो ते कागदावर आलं होतं.

व्हॉल्व्हच्या पोटात

गळती सापडली म्हणजे कारण सापडलं असं नाही. एमसीबी खाली, दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद, हवेचा स्क्रू सैल करून दाब सोडला, टाकीच्या तळाच्या बुचातून थोडं पाणी काढलं. व्हॉल्व्हच्या झाकणावर आणि अंगावर पेनाने एक आडवी रेघ मारली, म्हणजे परत बसवताना झाकण जागच्या जागी येतं. ही रेघ विसरली तर हँडल 'फिल्टर' दाखवतं आणि आत भलतीच वाट उघडी राहते.

स्क्रू समोरासमोरचे सैल करत गेलो. एक गंजून तुटलाच. झाकणाखाली जोरदार स्प्रिंग असते, म्हणून तळवा दाबून हळू उचललं. खाली गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखं रबर असतं, त्याला स्पायडर गॅस्केट म्हणतात. त्याचे आरे सहा वाटा एकमेकींपासून वेगळ्या ठेवतात. इथे 'फिल्टर' आणि बाहेर टाकण्याची वाट यांच्यामधला आरा खाचेतून उठून पिळवटला होता. फटीत रबरात रुतलेले वाळूचे कण.

पंप बंद असताना त्या फटीतून थोडं पाणी जायचं, पंपाच्या दाबाने रबर आणखी उचललं जायचं आणि धार सहापट व्हायची. आकड्यांनी जे सांगितलं तेच रबर सांगत होतं.

आरा असा उठतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने, पंप चालू असताना हँडल फिरवल्याने. गड्याला विचारलं तर तो आधी घाबरला. मी म्हटलं, "अरे, तुला बोलायला नाही विचारत. पुन्हा होऊ नये म्हणून विचारतोय."

मग त्याने सांगितलं. शिमग्याच्या दोन-तीन दिवस आधी वारा सुटला होता, लाईट गेली. पंप बंदच आहे तर बॅकवॉशला लावून ठेवू, म्हणून त्याने हँडल दाबलं. अर्ध्यात फिरवलेलं असतानाच लाईट आली. स्विच चालूच होता, टायमरने पंप उचलला. "आत खटकन वाजलं दादा. पण पाणी नीट चाललं म्हणून मी काय बोललो नाय."

त्याची चूक म्हणणं मला पटत नाही. इथे वारा सुटला की वीज जाते, ती कधी येईल याचा नेम नसतो, आणि 'पंप बंद आहे' व 'पंपाचा स्विच बंद आहे' यांतला फरक त्याला कुणी सांगितलाच नव्हता. शिमग्यापासून मेच्या मध्यापर्यंत साठ-पासष्ट दिवस झाले होते. गळती सुरुवातीला आजच्या निम्मीच होती असं धरलं, तरी पंचवीस हजार लिटर पाणी अळवाखालच्या जांभ्यात गेलं.

नवं गॅस्केट त्याच बनावटीच्या व्हॉल्व्हचं लागतं, दिसायला सारखं चालत नाही. कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने मागवलं, दोन दिवस गेले. तोवर खाच साफ केली, स्क्रू-ड्रायव्हरने नव्हे, बांबूच्या चपट्या काडीने. प्लॅस्टिकवर एक ओरखडा उठला तरी नवं रबर तिथून गळतं. फिरणाऱ्या तबकडीच्या तळावरून नख फिरवून बघितलं, नख कुठे अडलं नाही, म्हणून ती बदलली नाही. काका खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले, रबराला लावायला. गाडीचं ग्रीसही होतं घरात. दोन्ही नको म्हटलं. पेट्रोलियमच्या ग्रीसने हे रबर फुगतं. झाकणाच्या ओ-रिंगला, म्हणजे गोल रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, स्पायडर गॅस्केट कोरडंच बसवलं. स्क्रू पुन्हा समोरासमोर, हाताच्या जोराने, बस्स. जोर लावला की प्लॅस्टिक तडकतं.

मान आणि वाळू

आता दिसणारी गळती. एम-सील खरवडून पट्टा उघडला. ओ-रिंग चपटी झालेली, आणि तिच्या बैठकीवर सर्वत्र वाळूचे कण. इतके कण ओ-रिंगखाली असतील तर पट्टा कितीही आवळा, पाणी वाट काढणारच. जितकं आवळाल तितके ते कण रबर कापतात.

कण आले कुठून? गेल्या दिवाळीत पूलच्या तळाशी घाण दिसायला लागली म्हणून कुणीतरी सांगितलं, वाळू कमी झाली असेल, भर टाका. समुद्र पायाशी. दोन घमेली किनाऱ्यावरची वाळू मान उघडून टाकण्यात आली. फिल्टरला लागते ती चाळलेली सिलिका वाळू, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या एकसारख्या दाण्याची. किनाऱ्यावरची वाळू त्याहून बारीक, मीठ आणि शिंपल्यांचा चुरा मिसळलेली. बारीक दाणा तळाच्या जाळीदार नळ्यांच्या फटींतून निसटून पूलमध्ये परत जातो. म्हणजे ज्या घाणीसाठी वाळू टाकली ती त्या वाळूनेच वाढली. तेच दाणे व्हॉल्व्हमधून फिरत फिरत गॅस्केटच्या खाचेत जाऊन बसले आणि मानेच्या बैठकीवरही राहिले. दोन गळत्या, दोन वेगळी निमित्तं, पण त्या घमेल्यांचा हात दोन्हींना लागलेला.

सगळी वाळू काढली. मगाने, तासन्‌तास. गडी आणि मी आलटून पालटून. तळाच्या आठही नळ्या शाबूत निघाल्या. नवी वाळू भरताना टाकी आधी निम्मी पाण्याने भरली, म्हणजे वाळू वरून आपटून नळ्या तुटत नाहीत, आणि मधल्या उभ्या नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली. ओ-रिंगची बैठक ओल्या फडक्याने तीनदा पुसली. नवी ओ-रिंग, पट्टाही नवाच, बोल्ट ३१६ दर्जाचे स्टेनलेस. खाऱ्या वाऱ्यात नेहमीच्या ३०४ दर्जाच्या स्टेनलेसवरही डाग पडतात. पट्टा आवळताना रबरी हातोडीने भोवतीने हलकं ठोकत गेलो, त्यामुळे तो सगळीकडे सारखा बसतो आणि बोल्टला जोर द्यावा लागत नाही.

प्रेशर गेजचं सांगायचं राहिलं. काटा १८ पीएसआयवर होता, पंप बंद केला तरी १८ वरच. गंजून अडकलेला. काटा वर म्हणजे फिल्टर तुंबला, असं समजून गडी एक दिवसाआड बॅकवॉश करत होता. या पंपाला दोन मिनिटांच्या एका बॅकवॉशला तीनशे-साडेतीनशे लिटर पाणी लागतं. माझ्या तीन दिवसांत बॅकवॉश बंद होता, म्हणजे ही नासाडी त्या आठशे लिटरांच्या वरची. गड्याची रोजची "तीन बोटं" यातूनच आली असणार. नवं गेज बसवलं. दोन मिनिटं बॅकवॉश, अर्धा मिनिट रिन्स (वाळू खाली बसवून धुणं), मग फिल्टर. स्वच्छ वाळूवर काटा ९ ला थांबला. तो आकडा गेजशेजारी भिंतीवर रंगाने लिहिला आणि गड्याला सांगितलं, काटा १७-१८ ला पोचला तरच बॅकवॉश, त्याआधी नाही.

नंतर

पुन्हा बादली ठेवली, पंप आठ तास. बादली ६, पूल ७.

दुधाळ वाटी बदलून नवी स्वच्छ बसवली. बॅकवॉशचा पाइप जमिनीतून वर काढून बांधावर उघड्यावर आणला, येता-जाता दिसेल असा. पंपाच्या स्विचला जोडून असं यंत्र बसवलं की वीज गेली आणि परत आली तर पंप आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी हिरवं बटण दाबावं लागतं. हँडलला दोरीने एक पत्रा टांगला, त्यावर गड्याच्याच अक्षरात: "आधी एमसीबी खाली." पावसाळ्यात पूल बंद ठेवायचा ठरला, तेव्हा दोन्ही बॉल व्हॉल्व्ह आणि एमसीबी बंद करून हँडल दोन खुणांच्या मधोमध ठेवायला सांगितलं, म्हणजे चार महिने स्प्रिंगच्या दाबाखाली रबर एकाच जागी चेपत नाही.

पुण्याच्या मुलाला फोनवर सांगितलं की टाकी चांगली आहे, नवी लागणार नाही. त्याने विचारलं, मग गळत काय होतं? मी त्याला आकडे पाठवले.

काकूंना एकच काळजी होती, अळवाची. धार थांबल्यावर चार दिवसांत पानं मान टाकायला लागली. बॅकवॉशचं पाणी तिथे वळवू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नको, न्हाणीघराचं वळव. गड्याने एका दुपारी पाट काढून दिला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या बाजूला गेलो होतो, म्हणून डोकावलो. पंपघराची फरशी कोरडी होती. दाराच्या आतल्या बाजूला गड्याने खडूने तारखा आणि काट्याचे आकडे लिहून ठेवले होते, ९, ९, १०, १०, ११. विहिरीत कातळाच्या वर कमरेएवढं पाणी होतं, आणि पाऊस अजून यायचा होता.